उजव्या खांद्यावरून मागे पाहताना

पणजीच्या सरकारी इस्पितळात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी मला तपासणीच्या टेबलावर बसवलं, माझी मान दोन्ही हातांनी अर्धी उजवीकडे वळवली आणि एका झटक्यात मला उताणं पाडलं. डोकं टेबलाच्या कडेबाहेर लोंबत राहिलं. चार-पाच सेकंद काही झालं नाही. मग छत कोसळू लागलं. पंखा, ट्यूबलाइट, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळं एका अंगाने खाली जायचं, वर यायचं आणि पुन्हा खाली जायचं. मी ओरडलो. डावा हात सुटून नर्सच्या ट्रेवर आदळला. चिमटे, कात्र्या आणि एक काचेची बाटली जमिनीवर पडली. डॉक्टरांनी डोकं सोडलं नाही. त्या माझ्या डोळ्यांत पाहत होत्या.

अर्ध्या मिनिटाने छत थांबलं.

डॉक्टर म्हणाल्या की आजार सापडला. माझी बुबुळं आपोआप झटके देत फिरत होती. त्याला निस्टॅग्मस म्हणतात. आजाराचं नाव बिनाइन पोझिशनल व्हर्टिगो. बिनाइन म्हणजे जिवाला धोका नसलेला. पोझिशनल म्हणजे डोक्याची ठेवण बदलली की येणारा. व्हर्टिगो म्हणजे भोवळ, पण अशक्तपणाने डोळ्यांपुढे अंधारी येते ती नव्हे. यात आपण स्थिर असतो आणि जग फिरतं. कानाच्या आत तोल सांभाळणारा भाग असतो, त्यातले चुन्यासारखे बारीक कण जागचे सुटले की असं होतं. माझे उजव्या कानातले सुटले होते.

मग त्यांनी कानामागचा व्रण बोटाने दाबून पाहिला. केसपेपरावर लिहिलं होतं, सायकलवरून पडले. सायकलवरून पडणाऱ्याचं कोपर फुटतं, गुडघा फुटतो, कपाळ फुटतं, असं त्या म्हणाल्या. कानाच्या मागे खोक पडत नाही. मी कोकणीत उत्तरं देत होतो म्हणून त्यांनीही कोकणीतच विचारलं.

"कसलो मार? खरें सांग."

माझी बायको सुमन बाजूच्या स्टुलावर बसली होती. हाच प्रश्न पाच महिन्यांपूर्वी डिचोलीच्या डॉक्टरांनी विचारला होता. तेव्हा मी खोटं बोललो होतो. त्या खोट्याची किंमत काय पडली, हे ज्यांना हा आजार आहे किंवा उद्या होईल त्यांच्यासाठी लिहीत आहे.

मी त्या वेळी एका मराठी दैनिकाचा डिचोलीचा वार्ताहर होतो. वय एकेचाळीस. तालुक्यातल्या खाणींच्या गावांत सायकलने फिरायचं, बातमी गोळा करायची आणि संध्याकाळी फोनवरून सांगायची, हे काम. बस दोन तासांनी एक, तीही मुख्य रस्त्यावर. सायकल नसती तर वार्ताहर नसता, इतका साधा हिशेब.

त्या हिवाळ्यात गोव्याची राजभाषा कोकणी की मराठी, यावरून आंदोलन पेटलं होतं. घरात कोकणी बोलणारे आणि शाळेत, देवळात, पेपरात मराठी वाचणारे आमच्यासारखे लोक एकमेकांवर उठले होते. आमच्या भागात मराठीसाठी रस्ता रोको होता. डिचोलीबाहेर रस्त्यावर आंब्याचं खोड आडवं टाकून एक बस अडवली होती. मी बसच्या मागच्या दाराशी सायकल टेकवून टिपणं घेत होतो. दगडफेक अचानक सुरू झाली. पहिल्या दगडाने ड्रायव्हरसमोरची काच गेली, मग ओळीने खिडक्या. आतल्या बायका सीटांखाली शिरत होत्या. काच फुटल्याचा आवाज आला म्हणून मी मान वळवली आणि उजव्या कानामागे दगड बसला.

पडताना दिसलं ते नेमकं सांगता येतं. वीस पावलांवर तोंडाला रुमाल बांधलेला माणूस उभा होता. अंगात मोहरीच्या रंगाचा शर्ट, डाव्या खिशावर तपकिरी पट्टी. तो शर्ट सुमनने दिवाळीला आपल्या भावाला शिवून दिला होता. उल्हास, पेडण्याचा, माझा मेहुणा. त्याचा हात अजून हवेत होता. त्याने मला ओळखलं, हात खाली घेतला आणि पळाला.

दवाखान्यात चार टाके पडले. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, गर्दीत सायकलसकट आपटलो. त्या दिवसांत कुठलीही जखम बाजू घेतल्याशिवाय राहत नव्हती. दगड म्हटलं असतं तर पोलीस आले असते, पेपराने पहिल्या पानावर आपल्या वार्ताहरावर हल्ला असं छापलं असतं आणि दगड मराठीवाल्याचा असूनही वाचणाऱ्यांनी तो कोकणीवाल्यांच्या नावावर घातला असता. घरात सुमन होती. खोटं तिन्हीकडे सोयीचं पडलं.

चौथ्या दिवशी सकाळी पदेर पाव घेऊन दारात आला. त्याची घंटा ऐकून मी अंथरुणात उजव्या कुशीवर वळलो आणि खाट उलटली. निदान मला तसं वाटलं. मी दोन्ही हातांनी खाटेची पाटी धरली. भिंत छपरावर गेली आणि छप्पर अंगावर आलं. जीभ दातांखाली सापडून तोंडात रक्त आलं. सुमन धरायला आली तर माझी लाथ तिच्या मनगटावर बसली. मग उलट्या. हे सगळं मिनिटभरात संपलं, पण दुपारपर्यंत मी डोकं हलवलं नाही.

डिचोलीच्या डॉक्टरांनी मानेचा एक्स-रे काढला. चाळिशीत बहुतेकांच्या मणक्यांत दिसते तेवढी झीज दिसली. त्यांनी सर्व्हायकल स्पाँडिलोसिस लिहिलं, म्हणजे मानेच्या मणक्यांची झीज. गळ्यात पट्टा आणि भोवळ दाबणाऱ्या गोळ्या दिल्या. त्यांची चूक मी मानत नाही. सायकलवरून पडलेल्या माणसाची मान तपासणं बरोबरच होतं.

पुढचे महिने मी मान न हलवण्यात घालवले. दोन उशांवर बसल्यासारखा झोपायचो, कायम डाव्या कुशीवर. वर पाहायचं नाही, खाली वाकायचं नाही. चप्पल पायाने चाचपून घालायची. गोळ्यांनी दिवसभर झापड यायची. वाड्यावरच्या लोकांनी आपापल्या परीने उपाय केले. नारळ ओवाळून टाकला, गाव राखणाऱ्या देवचाराला गाऱ्हाणं घातलं. एका म्हाताऱ्याने सुचवलं की पेपरात दोन्हीकडची बातमी देतो म्हणून डोकं दोन्हीकडे फिरतं. एका बाजूला लाग, बरा होशील. हसताना मान हलली आणि मला दाराचा खांब धरावा लागला.

उल्हास दर रविवारी पेडण्याहून मोटारसायकलने यायचा. तो भाड्याने मागे माणूस बसवून म्हापशाला नेणारा पायलट होता. कधी काजू, कधी बांगडे आणायचा. माझ्या नजरेला नजर न देता ओट्यावर बसायचा आणि जायचा. भावाची भावोजींवर माया वाढली, असं सुमन शेजारणींना सांगायची.

मार्चमध्ये मी मोठी चूक केली. पंधरा दिवस भोवळ आली नव्हती. कार्यालयातून निरोप होता की डिचोलीला दुसरा माणूस बघावा लागेल. मी पट्टा काढून ठेवला आणि सायकल काढली.

सुर्ल्याच्या रस्त्यावर खनिजाचे ट्रक एकामागे एक धावत असतात. ड्रायव्हरला फेऱ्यांवर मजुरी, त्यामुळे कोणी थांबायला तयार नसतो. सायकलवाल्याने मागचा हॉर्न ऐकला की उजव्या खांद्यावरून एकदा मागे पाहायचं, अंतर जोखायचं आणि लाल धुळीत उतरायचं, ही तिथली रीत. कानावर विसंबणारा मरतो, कारण पहिल्या ट्रकच्या आवाजात दुसरा लपलेला असतो. हॉर्न वाजला. मी मान वळवली, नजर वर ट्रकच्या तोंडाकडे नेली आणि रस्ता उभा राहिला.

मी डावीकडे पडायला हवा होतो. उजवीकडे पडलो, डांबरावर. ब्रेक लागल्याचा आवाज, जळक्या रबराचा वास आणि अंगावर खनिजाचा ढीग सांडला. ट्रकचं पुढचं चाक माझ्या पायापासून हातभर अंतरावर होतं. सायकलचं मागलं चाक त्याच्या खाली होतं.

ड्रायव्हर उतरला. सावंतवाडीकडचा, चाळिशीचा, धिप्पाड. त्याने मला गळपट्टीला धरून उठवलं आणि कानशिलात दिली. मग दुसरी.

"मरूक माझोच ट्रक गावलो तुका? माझ्या पोरांक कोण पोसतलो?"

मी त्याच्या हातातच ओकलो. त्याने मला खाली बसवलं आणि स्वतःही शेजारी मातीत बसला. विडी पेटवायला त्याला चार काड्या लागल्या. मागे ट्रकांची रांग लागली, हॉर्न वाजत राहिले. शेवटी त्याने विचारलं, दारू प्यालास काय? मी नाही म्हटलं. मग डॉक्टर बदल, असं म्हणून त्याने चेपलेली सायकल आणि मला ट्रकमध्ये घालून घरी आणून सोडलं. अंगावरच्या खरचटण्यांची मलमपट्टी झाली. डॉक्टर बदलायला मात्र मी आणखी दोन महिने लावले. नव्या डॉक्टरकडे पुन्हा तोच प्रश्न येणार, हे ठाऊक होतं.

त्यामुळे पणजीच्या टेबलावर "खरें सांग" ऐकलं तेव्हा पळायला जागा नव्हती. मी म्हणालो, "फातर." दगड.

डॉक्टरांचा चेहरा बदलला. किती वेळ शुद्ध नव्हती, कानातून रक्त किंवा पाणी आलं होतं का, ऐकू कमी येतं का, असे प्रश्न एकामागून एक आले. दगड असेल तर कवटीचा फोटो हवा, ऑडिओग्राम हवा. ऑडिओग्राम म्हणजे बंद खोलीत कानाला यंत्र लावून किती बारीक आवाज ऐकू येतो याची नोंद. हे पाच महिन्यांपूर्वीच व्हायला हवं होतं, एवढंच त्या म्हणाल्या. त्यांनी आवाज चढवला नाही. तो दिवस आणि दुसरा दिवस आम्ही बाकांवर बसून काढला. कवटीला भेग नव्हती. उजव्या कानाचं ऐकणं थोडं कमी झालं होतं, ते परत येणार नव्हतं.

मांडवीवरचा पूल आदल्या पावसाळ्यात पडला होता, म्हणून बेतीला जायला फेरीबोट. बोट हलताना मी कठडा धरून उभा होतो. सुमन शेजारी येऊन उभी राहिली.

"कोणाचा दगड?"

मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने ती एकटी पेडण्याला गेली. तिथे काय झालं ते मला दोघांनीही कधी सांगितलं नाही. संध्याकाळी उल्हास तिला मोटारसायकलवरून घेऊन आला. त्याचा डावा गाल सुजला होता.

तो दारातच उभा राहिला. म्हणाला, "भावोजी, पोलिसांत चला. मी येतो."

मी म्हणालो, "पोलीस नको. सकाळी मला धरायला कोणीतरी हवंय."

पणजीच्या डॉक्टरांनी औषध बंद केलं होतं आणि व्यायाम दिला होता. खाटेच्या कडेला बसायचं. मान डावीकडे वळवून झटकन उजव्या कुशीवर पडायचं. भोवळ येईल. ती पूर्ण थांबेपर्यंत तसंच राहायचं. मग उठून बसायचं, अर्धा मिनिट थांबायचं आणि दुसऱ्या बाजूला तेच. अशा पाच फेऱ्या, दिवसातून तीनदा. आजवर मी भोवळ टाळत आलो होतो. ती टाळल्यामुळेच शरीर तिच्याशी जुळवून घ्यायला शिकलं नाही, असं डॉक्टरांचं म्हणणं. आता रोज पंधरा वेळा तिला आपण होऊन बोलवायचं होतं. कमीत कमी काही आठवडे. सोबत कोणीतरी असावं, त्याने रुग्णाला पडू देऊ नये आणि बुबुळं किती सेकंद फिरतात ते लिहून ठेवावं.

सुमनचं मनगट माझी लाथ बसल्यापासून दुखरं होतं. उल्हास आमच्याकडे राहिला. पेडण्यातलं त्याचं भाडं बुडत होतं, पण त्याचा विषय त्याने काढला नाही.

पहिल्या दिवशी मी कुशीवर पडलो तेव्हा त्याने माझे खांदे खाटेवर दाबून धरले. मी शिव्या दिल्या. त्याच्या दंडात नखं रुतवली, एकदा चावलो. तो माझ्या डोळ्यांत पाहून मोजत होता. एकतीस सेकंदांनी बुबुळं थांबली. त्याने वहीत आकडा लिहिला, बाहेर परसात गेला आणि ओकला. परत येऊन म्हणाला, "दुसरी बाजू."

आठवडाभर आकडे तिशीच्या आसपासच राहिले. माझा धीर सुटला. पाचव्या दिवशी मी खाटेवर बसायला नकार दिला. उल्हास ऐकेना. त्याने मला उचलून बसवलं, मी त्याला ढकललं, आम्ही दोघे जमिनीवर पडलो. चाळिशीचा आणि तिशीचा असे दोन पुरुष, मोरीच्या उंबऱ्यावर एकमेकांची गळपट्टी धरून. सुमन भाजी चिरत होती. तिने विळी बाजूला सारली आणि भावाला नाही, मला म्हटलं, "तो मोजतोय ना, मग तुम्ही पडा." मी पडलो.

त्या साऱ्या दिवसांत ती भावाशी बोलत नव्हती. जेवायला वाढायची, ताट पुढे सारायची.

गोवा घटक राज्य झालं त्या दिवशी गावात फटाके वाजले. प्रत्येक फटाक्याला माझी मान ताठ व्हायची. तालुक्यातल्या प्रतिक्रिया दुसऱ्याच कोणी पाठवल्या. आमच्या वहीत त्या दिवशीची नोंद सकाळी चोवीस, दुपारी बावीस, संध्याकाळी बावीस अशी आहे.

चौथ्या आठवड्यात आकडा दहाखाली आला. पावसाळ्यात सर्दी झाली आणि तो पुन्हा अठरावर गेला. ज्यांना हा आजार आहे त्यांनी हे लक्षात ठेवावं. उलटणं म्हणजे अपयश नाही, असं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. गणेश चवथीच्या आधी एका सकाळी मी कुशीवर पडलो आणि उल्हास पाहत राहिला. त्याने साठपर्यंत मोजलं. मग दुसऱ्यांदा साठपर्यंत. माझ्या बुबुळांनी काहीच केलं नाही. त्याला विश्वास बसेना, त्याने सुमनला हाक मारली. ती आली, वाकून पाहिलं आणि भावाला म्हणाली, "हात काढ आता. दुखतं त्यांना." जवळजवळ तीन महिन्यांत तिने त्याला उद्देशून बोललेलं ते पहिलं वाक्य होतं.

सायकलवर लगेच बसलो नाही. डॉक्टरांनी पायऱ्या ठरवून दिल्या होत्या. आधी सरळ रेषेत चालायचं, मग चालता चालता मान दोन्हीकडे वळवायची. मग सायकल हाताने ढकलत तेच. मग मैदानात सायकलवर, उल्हास बाजूने धावत. शेवटी रस्ता. कार्यालयाने नेमलेला माणूस खाणींच्या धुळीला कंटाळून निघून गेला होता. पाऊस ओसरल्यावर मला पुन्हा काम मिळालं.

इथवर एक गोष्ट लिहिलेली नाही. रस्ता रोकोच्या दिवशी, टाके घालून घेतल्यावर, फोनवरून बातमी मीच दिली होती. तिचं शेवटचं वाक्य होतं, दगडफेकीत एक प्रवासी किरकोळ जखमी झाला. स्वतःला मी त्यातून वगळलं होतं. तो प्रवासी सुर्ल्याचा खाणकामगार होता, हे मागाहून कळलं. चेहऱ्यावर फडकं धरून बसलेला मी पाहिला होता, जवळ जाऊन विचारलं नव्हतं.

पहिल्या फेरीला मी त्याच्याकडे गेलो. रस्त्यावर ट्रक होतेच. प्रत्येक हॉर्नला उजव्या खांद्यावरून मागे पाहिलं. रस्ता जागेवर राहिला.

तो घरी होता. उजवा डोळा गेला होता. पापणी आत ओढली होती. मी कोण ते सांगितल्यावर त्याने बायकोला चहा ठेवायला सांगितलं. रागावला नाही. डोळ्यात काच राहिली होती, म्हणाला. दुखत होतं, पण बातमी त्याने दुसऱ्या दिवशी चहाच्या दुकानात कोणाकडून तरी वाचून घेतली होती.

"पेपरात किरकोळ म्हणून आलेलं. मला वाटलं, तसंच असेल. आठ दिवसांनी गेलो इस्पितळात."

त्याने मला बरं आहे का विचारलं. कानामागचा व्रण त्याला दिसला होता. कसला, विचारलं. दगडाचा, त्याच दिवसाचा, असं मी सांगितलं.

मी आजही बातम्या देतो, सायकलनेच फिरतो. वर्षातून एखाददा भोवळ परत येते. तेव्हा मी सांगतो की ती आली आहे, खाटेच्या कडेला बसतो आणि उल्हासला निरोप पाठवतो. पणजीच्या डॉक्टरांचे, त्या दोघा बहीण-भावांचे आणि मला थोबाडीत मारणाऱ्या ड्रायव्हरचे आभार मानायचे आहेत. ते इथे मानतो. कोणाला मार लागल्याची बातमी द्यायची असेल तर आठवड्याने त्याच्या दारात जातो. गेल्याशिवाय तो किरकोळ होता की नव्हता, हे लिहीत नाही.